सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक: विमानं, क्षेपणास्त्रं आणि त्यांच्या आसपास वाढलेलं इलेक्ट्रॉनिक्स

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॉस एंजेलिस, सांता क्लारा खोरं (म्हणजे आजची सिलिकॉन व्हॅली), बॉस्टन, बंगळूर, जिथे जिथे विमानं, क्षेपणास्त्रं किंवा उपग्रह बनले तिथेच पुढे इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाचे उद्योग उभे राहिलेले दिसतात. हा योगायोग आहे का? नसेल तर हे कशाने घडलं? सरकारी पैशाने, प्रयोगशाळांतल्या शोधांनी, की आणखी कशाने? आणि आज हेच पुन्हा कुठे घडेल का?

विमानात बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे हे उत्तर चाचणीच्या टेबलावरून दिलेलं आहे, हे आधीच सांगते. योगायोग नाही. पैसा लागलाच, पण तेवढाच पैसा अशाही शहरांत ओतला गेला जिथे मागे फारसं काही उरलं नाही. शोधांचं म्हणाल, तर ट्रान्झिस्टर बेल लॅबमधल्या टेलिफोनवाल्यांचा. मला विमान-अवकाश उद्योग महत्त्वाचा वाटतो तो गिऱ्हाईक म्हणून. अर्धी-कच्ची वस्तू वाटेल त्या भावाने उचलणारं आणि ती पिकेपर्यंत पिच्छा न सोडणारं गिऱ्हाईक. आणि या गिऱ्हाइकाच्या हाताखाली तयार झालेली माणसं फाटकाबाहेर पडू शकली की नाही, यावर त्या त्या भागाचं पुढचं नशीब ठरलं.

गोष्ट चिपच्या बरीच आधी, आकडेमोडीपासून सुरू होते. १९४० च्या दशकात विमानांचा वेग वाढला आणि पंखांची फडफड हा जिवावरचा प्रश्न झाला. एका ठरावीक वेगाला हवा आणि पंखाची लवचीकता एकमेकींना अशी साथ देतात की थरथर आपोआप वाढत जाते आणि बघता बघता पंख तुटतो. तो वेग विमान उडवण्याआधी काढायचा तर समीकरणांचे गठ्ठेच्या गठ्ठे सोडवावे लागतात. हे काम तेव्हा खोलीभर मुली टेबलावरच्या गणनयंत्रांवर करत. ‘कॉम्प्युटर’ हे त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं, यंत्राचं नव्हे.

लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्नमध्ये नॉर्थ्रॉपचा कारखाना होता. तिथल्या लोकांनी १९४८ च्या सुमारास एक उद्योग केला. आयबीएमचं जमाखर्च छापायचं यंत्र त्यांनी आयबीएमच्याच गुणाकार करणाऱ्या यंत्राला जोडलं, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याला आपोआप मिळू लागलं. कंपनीने ही यंत्रं कारकुनी कामासाठी बनवली होती. पण जोडणी चालली, आणि १९४९ मध्ये आयबीएमने तीच कल्पना नीटनेटकी करून कार्ड प्रोग्रॅम्ड कॅल्क्युलेटर म्हणून बाजारात आणली. दुकानात काय ठेवायचं ते गिऱ्हाइकाने दुकानदाराला शिकवलं, ते असं.

याच नॉर्थ्रॉपकडे स्नार्क नावाच्या क्षेपणास्त्राचं काम होतं. ताऱ्यांचा वेध घेत हजारो किलोमीटर जायचं, म्हणजे आकडेमोड उडता उडता करायची. त्यासाठी त्यांनी एकर्ट आणि मॉकली यांच्याकडून बायनॅक हा संगणक बनवून घेतला. तो १९४९ मध्ये आला, आणि आपल्याकडे तो कधी धड चाललाच नाही अशी नॉर्थ्रॉपची तक्रार राहिली. दरम्यान त्यांच्याच इंजिनियरांनी चुंबकीय ड्रमवर चालणारं मॅडिडा हे छोटं यंत्र बनवलं. कंपनीला त्यात धंदा दिसेना. विमान बनवणाऱ्याने गणनयंत्रं कशाला विकावीत? तेव्हा १९५० मध्ये त्यातले काही जण बाहेर पडले आणि त्यांनी कॉम्प्युटर रिसर्च कॉर्पोरेशन काढली. १९५३ मध्ये एनसीआरने ती विकत घेतली. गल्ल्याची यंत्रं बनवणारी ही जुनी कंपनी संगणकात शिरली ती क्षेपणास्त्राच्या दारातून. पुढे पन्नास वर्षं जे वारंवार घडलं त्याचा हा नमुना आहे: मोठ्या कारखान्याला नको असलेली वस्तू, आणि ती बगलेत मारून निघून जाणारी चार माणसं.

आयबीएमचा पहिला मोठा वैज्ञानिक संगणक, ७०१, १९५२ मध्ये आला. कंपनीत त्याला ‘डिफेन्स कॅल्क्युलेटर’ म्हणत. एकूण १९ बनले, आणि गिऱ्हाइकांची यादी म्हणजे विमान कंपन्या आणि सरकारी प्रयोगशाळा. एकट्या लॉस एंजेलिसच्या परिसरात डग्लस, लॉकहीड, नॉर्थ अमेरिकन यांच्याकडे संगणक होते. प्रत्येक ठिकाणचे लोक तेच साइन-कोसाइनचे आणि तेच मॅट्रिक्सचे प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहीत बसले होते. १९५५ मध्ये त्यांनी ‘शेअर’ हा वापरकर्त्यांचा संघ काढला आणि प्रोग्रॅम एकमेकांना द्यायला सुरुवात केली. विमानं विकताना हे एकमेकांचे कट्टर स्पर्धक, पण यंत्रावर काम करणाऱ्यांच्या पातळीवर एकच आळी. याच आळीतून १९५९ मध्ये कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन निघाली, सॉफ्टवेअर लिहून देणं हाच धंदा करणारी. तिचे संस्थापक विमान कंपन्यांच्या संगणक विभागांत तयार झालेले होते.

आता चिप. इथे थोडं थांबते, कारण माझ्या कामाची मुळंच इथे आहेत.

१९५७ मध्ये ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकलींची कंपनी सोडून आठ जणांनी पालो आल्टोजवळ फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर काढली. पैसा घातला तो फेअरचाइल्ड कॅमेरा अँड इन्स्ट्रुमेंटने, म्हणजे विमानातून फोटो काढायचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीने. पहिली ऑर्डर आयबीएमची: १०० ट्रान्झिस्टर, प्रत्येकी १५० डॉलर. ते जायचे होते बी-७० बॉम्बरच्या संगणकात. घरगुती रेडिओ बनवणारा या भावाला एकही घेता ना. त्याला काही डॉलरांत काम भागवायचं होतं आणि जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवर ते भागतही होतं. पण बॉम्बरच्या आत तापमान वाढलं की जर्मेनियम गळपटतं. सिलिकॉन टिकतं. तापमानाचा हा फरक फक्त विमानवाल्यांना पैसे मोजण्याइतका महत्त्वाचा होता.

पाठोपाठ मिनिटमन क्षेपणास्त्राचं काम आलं. मार्गदर्शनाचा संगणक नॉर्थ अमेरिकनचा ऑटोनेटिक्स विभाग बनवत होता आणि ट्रान्झिस्टर फेअरचाइल्डचे होते. हे क्षेपणास्त्र जमिनीखालच्या विवरात सदा सज्ज राहणार, संगणक रात्रंदिवस चालू. एक हजार क्षेपणास्त्रं, प्रत्येकात हजारो सुटे भाग. तेव्हाच्या भागांचा बिघडण्याचा दर पाहता ती कधीच सगळी एकदम सज्ज राहिली नसती. म्हणून ऑटोनेटिक्सने पुरवठादारांच्या मागे असा लकडा लावला की प्रत्येक भागाचा जन्मापासूनचा इतिहास लिहा, प्रत्येक बिघाड उघडून बघा, कारण शोधा आणि ते कारण मुळातून काढा.

अशाच उघडून बघण्यात एक गोष्ट सापडली. तेव्हाचे ट्रान्झिस्टर ‘मेसा’ पद्धतीचे होते. सिलिकॉनवर छोटं पठार कोरायचं, आणि त्या पठाराची कड उघडी राहायची. धातूच्या डबीत बंद करताना सुटलेला एखादा सूक्ष्म कण त्या उघड्या कडेला चिकटला की ट्रान्झिस्टर शॉर्ट. कण हलला की पुन्हा ठीक! डबीवर हलकेच टकटक केलं की काही ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे मान टाकायचे. टेबलावर उत्तम चालणारा ट्रान्झिस्टर उड्डाणाच्या हादऱ्यात दगा देणार, याहून वाईट बातमी क्षेपणास्त्रवाल्याला कोणती? आठ संस्थापकांतले जाँ हर्नी यांच्या डोक्यात यावरचा तोडगा आधीपासून घोळत होता. सिलिकॉनवर तयार होणारा ऑक्साइडचा थर धुऊन टाकायचा नाही, तो तसाच राहू द्यायचा, म्हणजे कड त्याच्याखाली झाकली जाते. या टकटकीने त्या कल्पनेला घाई आली. १९५९ मध्ये ‘प्लेनर’ पद्धत तयार झाली. आणि ऑक्साइडचा तो सपाट, वीज न वाहू देणारा थर समोर आल्यावर आठांतलेच रॉबर्ट नॉइस यांना सुचलं की या थरावरूनच धातूच्या तारा आखल्या तर अनेक ट्रान्झिस्टर एकाच तुकड्यावर जोडता येतील. आज बनणारी प्रत्येक चिप याच वंशातली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बींचं इंटिग्रेटेड सर्किट (म्हणजे चिप) १९५८ चं, म्हणजे आधीचं, हे खरं. पण कारखान्यात घाऊक बनवता येण्याजोगी वाट नॉइस-हर्नींची.

ही टकटक पुढे रीतसर चाचणी झाली. तिचं नाव पिंड, म्हणजे ‘पार्टिकल इम्पॅक्ट नॉइज डिटेक्शन’ची आद्याक्षरं. (हो, आमच्याकडे यावरून विनोद व्हायचेच. नापास भागाला ‘कावळा शिवला नाही’ म्हणायचो.) बंद डबीचा भाग एका छोट्या शेकरवर चिकट द्रव लावून बसवतात. खाली आवाज टिपणारा सेन्सर. शेकर हादरे देतो, आणि आत सुटा कण असेल तर तो भिंतीवर आपटल्याचा कडकडाट स्पीकरवर येतो, पडद्यावर काटे उठतात. मी नवी असताना एका पुरवठादाराच्या रिलेंचा, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांचा, एक गठ्ठा माझ्या टेबलावर आला. कागदपत्रं निर्दोष, वीज लावून केलेल्या सगळ्या चाचण्या पास. पिंडवर त्यातल्या तीन रिलेंनी आवाज केला. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, तुमचं यंत्रच बिघडलंय. आम्ही एका रिलेची डबी कापली. आत खसखशीच्या दाण्याहून लहान, गोल, चकचकीत सोल्डरचा थेंब. तो काचेच्या पट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दाखवला. बराच वेळ डोळा लावून बघत राहिला तो. नंतर त्यांच्याकडे डबी बंद करायची पद्धत बदलली, आणि तोच रिले ते इतर गिऱ्हाइकांनाही त्याच पद्धतीने देऊ लागले. त्या गिऱ्हाइकांनी कधी असली चाचणी मागितलीच नव्हती.

अवकाश उद्योगाचा आसपासच्या उद्योगावर परिणाम होतो म्हणजे काय, ते मी या एका थेंबात पाहिलं. पेटंट, परिषदा हे सगळं नंतर. एखादा हट्टी गिऱ्हाईक पुरवठादाराला डबी कापायला लावतो, आणि डबी कापायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही.

भावाचं गणितही बघा. अमेरिकेत १९६२ मध्ये इंटिग्रेटेड सर्किटची सरासरी किंमत ५० डॉलर होती आणि जवळजवळ सगळा माल लष्कर आणि अवकाश कार्यक्रम घेत होते. १९६८ मध्ये किंमत २ डॉलर ३३ सेंटवर आली होती आणि त्यांचा वाटा ३७ टक्क्यांवर. सहा वर्षांत एका गिऱ्हाइकाने धंदा शिकवला, भाव पाडला आणि बाजार दुसऱ्यांच्या हाती दिला. यातला मोठा वाटा मिनिटमनच्या दुसऱ्या आवृत्तीचा आणि अपोलोच्या मार्गदर्शन संगणकाचा. अपोलोचा संगणक एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीने आखला आणि बॉस्टनजवळच्या वॉल्टमला रेथिऑनने बनवला. त्यात एकाच जातीचं लॉजिक गेट (हो-नाही ठरवणारं छोटं सर्किट) सगळीकडे वापरलं होतं. त्याला दारिद्र्य म्हणू नका, ही युक्ती होती: एकच जात हजारोंनी घेतली की ती जात किती वेळा आणि कशी बिघडते हे नेमकं कळतं, आणि कारखान्याचा हातही एकाच वस्तूवर बसतो.

इथे एक गैरसमज काढून टाकते. ‘सरकारने संशोधनाला पैसे दिले म्हणून सिलिकॉन व्हॅली झाली’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. सरकारी संशोधन निधी शक्यतो घ्यायचा नाही असंच फेअरचाइल्डमध्ये नॉइस यांचं धोरण होतं. निधी घेतला की काय शोधायचं हे निधी देणारा ठरवतो. पण सरकारी ऑर्डर? ती दोन्ही हातांनी. माल आपला, रीत आपली, आणि उद्या तोच माल कोणालाही विकायची मोकळीक. अनुदान आणि ऑर्डर यांतला हा फरक धोरणं आखणाऱ्यांच्या ध्यानात फार क्वचित येतो.

सांता क्लारा खोऱ्यात फेअरचाइल्डच्या आधीही जमीन नांगरलेली होती. सिगर्ड व्हेरियन हे पॅन अमचे वैमानिक. रात्री आणि ढगांत विमान दिसत नाही या अनुभवातून त्यांनी भाऊ रसेल यांच्यासोबत स्टॅनफर्डमध्ये १९३७ मध्ये क्लायस्ट्रॉन ही मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारी ट्यूब बनवली. विद्यापीठाने जागा दिली, १०० डॉलरचं साहित्य दिलं आणि पुढच्या उत्पन्नात वाटा मागितला. तो सौदा स्टॅनफर्डला चांगलाच फळला. त्या ट्यूबांवर खोऱ्यात मायक्रोवेव्हचा अख्खा धंदा उभा राहिला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉकहीडचा क्षेपणास्त्र विभाग सनीवेलला आला आणि वीस हजारांहून जास्त माणसं कामाला लावून खोऱ्यातला सगळ्यात मोठा मालक झाला. चिप कंपन्यांच्या कहाण्यांत लॉकहीडचं नाव फारसं येत नाही, कारण तिथलं बरंचसं काम गुप्त होतं. पण संध्याकाळी घरी जाणारे इंजिनियर गुप्त नव्हते. स्टीव्ह वॉझ्नियाक यांचे वडील लॉकहीडमध्ये इंजिनियर होते. मुलाला इलेक्ट्रॉनिक्सची बाराखडी घरी मिळाली.

बॉस्टनची तऱ्हा निराळी. तिथे १९४४ मध्ये नौदलाला वैमानिकांच्या सरावासाठी एक यंत्र हवं होतं, ज्यात विमानाचं वागणं आकड्यांवरून क्षणोक्षणी काढलं जाईल. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी ते करता करता व्हर्लविंड हा संगणक बनवला, आणि सरावाचं यंत्र मागेच राहिलं. विमान तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून उत्तर त्याच क्षणी हवं. ही अट पाळताना स्मृतीच्या जुन्या ट्यूबा दगा देऊ लागल्या, तेव्हा चुंबकीय कड्यांची स्मृती आली. ती १९५३ मध्ये व्हर्लविंडला बसवली. त्यावरून सेज ही हवाई संरक्षणाची व्यवस्था झाली, आणि तिथेच काम करणारे केन ओल्सन १९५७ मध्ये ७०,००० डॉलरच्या भांडवलावर बाहेर पडले. मेनार्डमधल्या जुन्या लोकर गिरणीत त्यांनी डिजिटल इक्विपमेंट काढली. छोटा, समोर बसून वापरायचा संगणक ही कल्पना त्या गिरणीतून जगभर गेली. तिचं मूळ वैमानिकाच्या सरावात आहे हे आज कुणाला सांगून खरं वाटत नाही.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात आटपते, नाहीतर उत्तर संपायचं नाही. अपोलो यानाच्या लाखो भागांची जंत्री ठेवण्यासाठी नॉर्थ अमेरिकन रॉकवेल आणि आयबीएम यांनी जी व्यवस्था केली, ती १९६८ मध्ये डाउनी इथे सुरू झाली. तिचं नाव आयएमएस. पुढे बँकांनी ती उचलली. पैसे काढताना आजही कुठेतरी अपोलोच्या पाना-बोल्टांच्या यादीचा सांगाडा चालत असतो. संरचनेचं विश्लेषण करणारं नॅस्ट्रन नासाचं. फ्रान्समध्ये दासो या विमान कंपनीने १९७७ मध्ये स्वतःसाठी त्रिमितीय आराखड्यांचं कातिया सुरू केलं आणि १९८१ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली. मोटारवाल्यांपासून जहाजवाल्यांपर्यंत सगळे आज त्यावर काम करतात.

आता न जमलेल्या गावांकडे येऊ. माझ्या मते खरं उत्तर तिथे आहे.

सिॲटल म्हणजे बोइंग. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे बोइंगमध्ये एक लाखाच्या आसपास माणसं होती. १९७१ पर्यंत ती चाळीस हजारांच्या आत आली. ‘सिॲटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत’ असा फलक रस्त्यावर लागला. इतके इंजिनियर एकदम मोकळे झाले, तरी त्यातून इलेक्ट्रॉनिक्सचं खोरं उभं राहिलं नाही. बोइंग सांगाडा बनवायची आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स बाहेरून यायचं. माणसं हुशार होती, पण सुटा विकता येईल असा माल त्यांच्या हातात नव्हता. मायक्रोसॉफ्ट तिथे १९७९ मध्ये आली ती संस्थापकांचं घर तिथे म्हणून. त्याचं श्रेय बोइंगला देणं ओढूनताणून होईल.

दुसरं उदाहरण बंद फाटकाचं. एफ-१४ विमानासाठी गॅरेट एअररिसर्च कंपनीत रे होल्ट आणि स्टीव्ह गेलर यांनी १९७० पर्यंत चिपांचा एक संच तयार केला. पंखांची रचना उडता उडता बदलायला लागणारी आकडेमोड तो करत असे. इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर (एका चिपवरचा संगणकाचा मेंदू) बाजारात आला १९७१ मध्ये. पहिला मायक्रोप्रोसेसर कुठला यावर वाद घालणारे घालोत. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की हा संच लष्करी गुपित होता आणि १९९८ पर्यंत त्याबद्दल काही छापता आलं नाही. त्यावर कुणी दुसरं यंत्र बांधलं नाही, कुणाला नोकरी सोडून त्याची कंपनी काढता आली नाही. चिप होती, पण फाटकाच्या आत.

कॅलिफोर्नियात नोकरी सोडून स्पर्धकाकडे जायला कायदा आड येत नाही, हे सिलिकॉन व्हॅलीच्या यशाचं कारण म्हणून नेहमी सांगितलं जातं. पण लॉस एंजेलिसही त्याच राज्यात आहे! तिथे भिंत वेगळी होती: प्रचंड कारखाने, सगळं घरच्या घरी बनवायची सवय, आणि खर्च अधिक नफा अशी (होईल तो खर्च भरून मिळणार आणि वर नफा) कंत्राटं, ज्यांत वस्तू स्वस्त करण्यात कुणालाच रस नव्हता. जिथे भिंतीला भगदाड पडलं तिथे मात्र बघा. ऑटोनेटिक्सने कमावलेलं चिपचं ज्ञान जपानच्या शार्प कंपनीने १९६९ मध्ये आपल्या कॅल्क्युलेटरसाठी विकत घेतलं. तोच विभाग पुढे रॉकवेलच्या नावाने फॅक्स आणि मोडेमच्या चिपा विकत राहिला आणि १९९९ मध्ये कोनेक्संट म्हणून वेगळा झाला. आणि सॅन डिएगो: अँड्र्यू विटर्बी हे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत दूरच्या यानांचे क्षीण संदेश वाचायच्या प्रश्नावर काम केलेले. गोंगाटातून संदेश ओळखण्याची त्यांची पद्धत १९६७ ची. १९६८ मध्ये लिंकाबिट आणि १९८५ मध्ये क्वालकॉम या कंपन्या त्यांनी सहकाऱ्यांसोबत काढल्या. अवकाशातून येणारा कुजबुजीएवढा आवाज ऐकायची रीत खिशातल्या फोनमध्ये आली, ती विटर्बी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडू शकले म्हणून.

बंगळूरबद्दल विचारलंय, तर माझं मत जरा खाली सूर लावणारं आहे. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. भारतीय विज्ञान संस्था तिथे होतीच, आणि विमानशास्त्राचा विभाग १९४२ मध्ये आला. १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स, मग राष्ट्रीय विमान प्रयोगशाळा, मग १९७० च्या दशकात इस्रोचं उपग्रहाचं काम. आर्यभट पीन्याच्या औद्योगिक शेडमध्ये बनला आणि एप्रिल १९७५ मध्ये उडाला. ॲपल हा इस्रोचा उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला १९८१ चा फोटो लोक गरिबीचं प्रतीक म्हणून फिरवतात. प्रत्यक्षात अँटेनाच्या चाचणीत धातूचा अडथळा नको म्हणून लाकडी गाडी निवडली होती. चाचणीवाली म्हणून मला तो फोटो फार आवडतो.

पण हट्टी गिऱ्हाईक असलं तरी इथे संख्या नव्हती. मिनिटमनसाठी एक हजार क्षेपणास्त्रांचं इलेक्ट्रॉनिक्स लागलं. आर्यभट एकच होता. एका नगासाठी कुठला कारखाना ओळ लावणार? त्यामुळे भाग परदेशातून आले, तपासणीची शिस्त इथे रुजली, आणि चिपचा धंदा रुजला नाही. शिवाय सार्वजनिक क्षेत्रातली नोकरी सोडणं त्या पिढीला वेडेपणा वाटायचा. इन्फोसिस १९८३ मध्ये पुण्याहून बंगळूरला गेली ती मायको या मोटारीचे भाग बनवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी, विमानांसाठी नव्हे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये आली तेव्हा मात्र तयार इंजिनियर, उपग्रहाचा दुवा सांभाळू शकणारी माणसं आणि यंत्रकामाच्या शेकडो छोट्या कार्यशाळा तिथे होत्या. ती माती विमान आणि उपग्रहांनीच तयार केली. नकारानेही थोडं काम केलं. महासंगणक मिळायला अडचण होती, तेव्हा राष्ट्रीय विमान प्रयोगशाळेने १९८६ मध्ये विमानाभोवतीच्या हवेची गणितं सोडवायला फ्लोसॉल्व्हर हा समांतर संगणक बांधला, भारतातला त्या जातीचा पहिला. हलक्या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाचं काम १९९८ च्या निर्बंधांनंतर अमेरिकी भागीदाराशिवाय पुरं झालं आणि ते विमान ४ जानेवारी २००१ ला उडालं. त्या सॉफ्टवेअरवर तयार झालेली माणसं मला नंतर मोटारीच्या आणि वैद्यकीय यंत्रांच्या कंपन्यांत भेटत राहिली. बोलताना लगेच ओळखू येतात. कुठलीही गोष्ट ‘चालते’ म्हटलं की विचारतात, किती वेळा चालवून पाहिली?

आज हेच पुन्हा कुठे घडेल का, असंही प्रश्नाच्या शेवटी विचारलं आहे. त्याच वाटेने नाही. १९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी लष्करी मानकांऐवजी शक्य तिथे बाजारातलेच भाग घ्या असा आदेश काढला, तेव्हाच वारं फिरल्याचं कागदावर आलं. आता सगळ्यात मोठं गिऱ्हाईक फोन आणि सर्व्हर. विमानवाले रांगेत शेवटी उभे. विमान तीस वर्षं उडतं, चिप पाच-सात वर्षांत बंद होते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात महिन्याला एक तरी पत्र यायचं: अमुक क्रमांकाचा भाग बंद करत आहोत, शेवटची ऑर्डर अमुक तारखेपर्यंत द्या. मग आम्ही पुढच्या वीस वर्षांत किती नग लागतील याचा अंदाज बांधायचा, कपाटभर चिपा एकदम घ्यायच्या आणि नायट्रोजनच्या पेटीत ठेवून द्यायच्या. १९६२ मध्ये ज्यांच्यावाचून कारखाना चालला नसता, त्यांना आता छापील पत्र येतं. खाली सहीसुद्धा नसते.